क्लॅरिओनेटवरील एक अवघड चीज

गेल्या पौषांत आमच्या वडील वहिनींस पंचाहत्तर वर्षें पुरीं झालीं. त्या निमित्तानें वाड्यांत आप्तेष्टांची बैठक भरवावी व घरांतील मुलांनीं आपापली कला त्यांच्यापुढें सादर करावी, असें ठरलें. कोणी अभंग म्हणणार, कोणी पेटी वाजविणार, एक चिरंजीव नकला करणार. आणि वहिनींची नात, म्हणजे आमचीही नातच, वय वर्षें सतरा, क्लॅरिओनेट वाजविणार. तें नांव ऐकतांच वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, तें तर बँडवाल्यांचें वाद्य! माझी पंचाहत्तरी आहे कीं वरात?" घरांत एकच हंशा पिकला आणि पोरीचा चेहरा उतरला. त्या हंशांत आम्हीही होतों, हें प्रथमच सांगून टाकलेलें बरें.

वहिनींचा तरी काय दोष? हें वाद्य आपल्याकडे पलटणींच्या बँडाबरोबर आलें, पलटणींतून संस्थानिकांच्या पदरीं गेलें आणि तेथून लग्नाच्या वरातींत उतरलें. मेरठचे कारागीर बँडाचीं वाद्यें बनवूं लागले, तेव्हां तीं लहान गांवांनाही परवडूं लागलीं. वरातींत पितळी कर्णे गर्जना करीत, ताशा कडाडे, परंतु नाट्यपदाची चाल उचलावयाची ती क्लॅरिओनेटनेंच. पुण्यास प्रभात ब्रास बँडानें व तेथील सोलापूरकर घराण्यानें बँडाच्या वादनाला केवढी प्रतिष्ठा मिळवून दिली, हें गणेशविसर्जनाची मिरवणूक पाहिलेल्यांस सांगावयास नको. मुंबईच्या मास्टर इब्राहिम यांनीं सिनेमाचीं गाणीं क्लॅरिओनेटवर वाजवून ध्वनिमुद्रित केलीं. त्यांची एक तबकडी आमच्या वडिलांच्या संग्रहीं होती व ती झिजेपर्यंत आम्हीं ऐकली आहे. दक्षिणेंत तर याहून पुढची मजल गांठली गेली. तंजावरकडे एकोणिसाव्या शतकांतच हें वाद्य नृत्याच्या साथीस बसलें. आणि तिरुचिरापल्लीचे ए. के. सी. नटराजन यांनीं त्यावर कर्नाटक पद्धतीच्या संपूर्ण मैफली केल्या. त्यांस २०२२ सालीं पद्मश्री मिळाली. आम्हीं मात्र तें वाद्य दाराबाहेर ठेवलें.

'दाराबाहेर' हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. १९८४ सालीं आमचें लग्न झालें, तेव्हां बँडांतील क्लॅरिओनेटवाल्यानें आमच्या दारांत उभें राहून 'स्वयंवर' नाटकांतील यमनाचें एक पद असें वाजविलें, कीं आमचे श्वशुर, जे स्वतः भास्करबुवांच्या परंपरेचे भक्त, ते उपरणें सांवरीत जागच्या जागीं उभे राहिले. पुढें पंगती उठल्या. बँडवाल्यांचीं पानें शेवटीं, आणि तींही अंगणांत मांडलीं गेलीं. आम्ही नवरदेव, आम्हांला तें दिसलें, व आम्ही कांहीं बोललों नाहीं. चाळीस वर्षांनंतर नातीनें तेंच वाद्य हातीं धरलें, तेव्हां तें अंगण प्रथम आठवलें.

तिचे शिक्षक पोलिस बँडांतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. सत्तरीचे, सडपातळ, बोलणें थोडें. तारुण्यांत लग्नाच्या बँडांत होते, पुढें पोलिसांत भरती झाले आणि तेथें विलायती स्वरलिपि इतकी उत्तम शिकले, कीं आम्ही मेघदूत वाचतों तसे ते छापलेलें संगीत वाचतात. ते आम्हांस 'गुरुजी' म्हणतात व आम्ही त्यांस 'मास्तर'. प्रथम आमच्याकडे शिकवावयास आले, तेव्हां दिंडीदरवाज्याशीं क्षणभर थांबून म्हणाले, "गुरुजी, या गल्लींत पुष्कळ वेळां वाजवलंय. उंबऱ्याच्या आंत आजच आलों." आम्हीं त्यांस बसावयास पाट दिला. दुसरें काय करणार होतों?

आतां ती चीज. कार्ल मारिया फॉन वेबर या जर्मन संगीतकारानें १८११ सालीं म्युनिक येथें, तेथील दरबारी वाद्यवृंदांतील क्लॅरिओनेटवादक हाइनरिख बेअरमान याच्यासाठीं ती रचली. वेबर त्या वेळीं अवघा चोवीस वर्षांचा होता. तिचें नांव 'कॉन्चेर्टिनो', म्हणजे धाकटा कॉन्चेर्टो; आणि कॉन्चेर्टो म्हणजे एकट्या वादकानें सगळ्या वाद्यवृंदाशीं केलेला संवाद. वाजवावयास नऊ-दहा मिनिटें लागतात. ती ऐकून बव्हेरियाच्या राजानें वेबरकडे लगेच आणखी दोन मोठे कॉन्चेर्टो मागितले, यावरून त्या रात्रीं काय रंग भरला असेल तें वाचकांनीं ताडावें.

आपल्या कानाला ही चीज परकी वाटूं नये अशीच तिची घडण आहे. आरंभीं वाद्यवृंदाचे गंभीर सूर झाल्यावर क्लॅरिओनेट लांब, संथ स्वरांनीं प्रवेश करतें. याला आलाप म्हणावयास हरकत नाहीं. मग एक साधी, सुबक चाल येते. ती एकदां मांडून झाली कीं तिचींच निरनिराळीं रूपें सुरू होतात. एकांत ती नाजुक नक्षीनें सजते, एकांत आवेशानें उसळते. मध्येंच सारें थांबल्यासारखें होतें, व्हायोलिनची थोरली बहीण जी व्हियोला तिच्या मंद सुरांवर क्लॅरिओनेट आपल्या अगदीं खालच्या सप्तकांत कांहींतरी कुजबुजतें. आणि शेवटीं सहा मात्रांच्या झुलत्या ठेक्यांत, दादऱ्याच्या अंगानें, सरळ ताना, उड्या व वळणें घेत चीज संपते. टाळ्या याच शेवटाला पडतात, आणि आमच्या चुकीचा उगमही येथेंच आहे.

ती सांगण्यापूर्वीं वाद्याविषयीं थोडेसें सांगणें अवश्य आहे. बांसरी वा सनई अधिक जोरानें फुंकली तर तोच स्वर वरच्या सप्तकांत उमटतो. क्लॅरिओनेटची तऱ्हा वेगळी. त्याची नळी वरपासून खालपर्यंत बहुतांशीं सारख्या व्यासाची, आणि वेताच्या एका पातळ पट्टीनें तिचें एक तोंड जणूं बंद झालेलें. त्यामुळें अंगठ्याखालची कळ दाबली असतां खालच्या षड्जाचा वरचा षड्ज होत नाहीं, तर वरच्या सप्तकांतला पंचम होतो. म्हणजे दोन सप्तकांची बोटें निरनिराळीं. शिवाय मध्यें एक जागा अशी आहे, कीं एका स्वराला बहुतेक सारीं बोटें उचललेलीं, तर अगदीं लगतच्या स्वराला सगळींच्या सगळीं एकदम खालीं. त्या एका पायरीवर विद्यार्थी वर्षानुवर्षें ठेंचाळतात. कुशल वादक ती अशी ओलांडतो, कीं तेथें पायरी होती हेंच ऐकणाऱ्यास कळत नाहीं. वेबरनें ही पायरी शेवटच्या भागांत किती वेळां ओलांडावयास लावली आहे, तें मोजण्याचा नाद आम्हीं सोडून दिला.

तर आमची चूक. आम्हांस वाटलें, वाद्याची थट्टा करणाऱ्या आप्तांचीं तोंडें बंद करावयाचीं तर पोरीनें शेवट असा वाजवावा, कीं बोटें दिसूं नयेत. तिनें परदेशी वादकांचीं ध्वनिमुद्रणें ऐकलेलीं होतींच. आम्ही रोज सायंकाळीं घड्याळ घेऊन बसूं लागलों व "कालच्यापेक्षां दहा सेकंद कमी!" म्हणून तिची पाठ थोपटूं लागलों. जन्मभर शाळेंत शिकवून आम्हांस एवढें कळूं नये? पाढे धडाधडा म्हणणाऱ्या मुलाला गणित येतेंच असें नाहीं, हें आम्हींच शेंकडों पालकांना सांगितलेलें. बैठकीला आठ दिवस राहिले असतां एका संध्याकाळीं ती त्या पायरीवर अडखळली, पुन्हा अडखळली, तिसऱ्यांदा वाद्य कर्कश चिरकलें, आणि ती वाद्य मांडीवर ठेवून रडूं लागली. मास्तर तेवढ्यांत आले. त्यांनीं आमच्या हातांतील घड्याळाकडे पाहिलें. बोलले कांहीं नाहींत. पण आम्हीं तें घड्याळ खिशांत घातलें.

त्यांनीं तिला शेवटच्या भागांतली सर्वांत अवघड ओळ काढावयास सांगितली. "ही जेवढ्या वेगांत स्वच्छ निघेल, तेवढाच सगळ्या भागाचा वेग. सोप्या ओळी पळवायच्या आणि अवघडाशीं धापा टाकायच्या, हें चालणार नाहीं." मग ती ओळ शेवटच्या स्वरापासून मागें मागें येत बसविली: आधीं शेवटचे चार स्वर, मग आठ, मग बारा, म्हणजे वादक जसजसा पुढें जाईल तसतसा ओळखीच्या मुलखांत शिरेल. पाठांतराची ही युक्ति आमच्याही ध्यानांत चाळीस वर्षांत आली नव्हती. त्यानंतर वाद्य बाजूस ठेववून त्यांनीं मूळ चाल तिच्याकडून तोंडानें म्हणवून घेतली. जें गातां येत नाहीं तें वाजवूं नये, असा त्यांचा दंडक आहे. आणि रोज पहाटे वीस मिनिटें नुसते लांब सूर. आपल्या गवयांची खर्जसाधनाच ती. पंचवटींतल्या घंटा व आमच्या माडीवरचा खर्ज यांची त्या आठवड्यांत रोज जुगलबंदी होत असे.

श्वास कोठें घ्यावयाचा हें छापील कागदावर लिहिलेलें नव्हतें. मास्तर पेन्सिलीनें तशा खुणा करीत होते. तें पाहून आमच्यांतला संस्कृतचा मास्तर जागा झाला. आम्हीं नातीला मंदाक्रांता म्हणून दाखविली: चार अक्षरांवर यति, पुढें सहांवर, मग सात अक्षरें सलग. शब्द मध्येंच तुटला तर अर्थ बिघडतो. यति योग्य जागीं आला तर थांबणेंही ऐकावेंसें वाटतें. मास्तर लक्षपूर्वक ऐकत होते. म्हणाले, "गुरुजी, हेंच. श्वास संपला म्हणून नव्हे, वाक्य संपलं म्हणून घ्यायचा." आणि त्यांनीं दोन खुणा खोडून नव्या केल्या. आम्हांस त्या दिवशीं जेवण गोड लागलें.

एक वाद मात्र तीन दिवस चालला. या चिजेच्या दोन छापील प्रती नातीजवळ होत्या, आणि दोहोंत फरक. कोठें स्वर जोडावे, कोठें सुटे ठेवावे, कोठें आवाज वाढवावा, याच्या खुणा एकींत थोड्या, तर दुसरींत भरपूर. चौकशी केल्यावर कळलें कीं, ज्याच्यासाठीं चीज रचली त्या बेअरमानाचा पुत्र कार्ल यानें पुढें पित्याच्या वादनाचा वारसा सांगत वेबरच्या क्लॅरिओनेटच्या रचना स्वतःच्या खुणांसह छापल्या. आतां खरें कोणाचें मानावें? रचनाकाराच्या लेखणीचें, कीं ज्याच्या फुंकरीसाठीं तो लिहीत होता त्याच्या घराण्याचें? काव्यांतील पाठभेदांशीं आम्ही जन्मभर झगडलों, म्हणून हा प्रश्न आम्हांस घरचाच वाटला. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं प्रतिज्ञा केली आहे, कीं मुळांत नसलेलें आपण लिहिणार नाहीं व अनवश्यक बोलणार नाहीं. वादक हाही टीकाकारच. पण मल्लिनाथावांचून कालिदास किती जणांना कळला असता?

नातीचें म्हणणें आणखी पुढचें. ती म्हणाली, "आजोबा, मूळ चालीच्या शेवटीं मी एक मींड घेतें. म्हणजे ती आपली होईल." आणि तिनें दाखलाही दिला. १९२४ सालीं न्यूयॉर्क येथें गर्श्विन याची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' प्रथम वाजली. तिच्या आरंभीं क्लॅरिओनेटची चढती तान सुट्या स्वरांनीं लिहिलेली होती. रॉस गोरमन या वादकानें तालमींत थट्टेनें ती सरळ मींडेनें वर ओढली. गर्श्विन खूष झाला, व तेव्हांपासून जग ती तान तशीच ऐकत आलें आहे. दाखला बिनतोड होता. मास्तरांनीं तो ऐकून घेतला व म्हणाले, "तेथें मूळ माणूस समोर बसला होता. वेबरला विचारून ये, मग घे." थोड्या वेळानें समजावणीच्या सुरांत पुढें म्हणाले, "मूळ चाल साधी ठेव, बेटा. ती ऐकणाऱ्याच्या कानांत बसली, तरच तिचीं पुढलीं रूपें त्याला ओळखूं येतील. आधींच दागिने घातलेस, तर नंतर काय घालशील?" आमचें मत मास्तरांच्या बाजूनें पडलें; तथापि पोरीचें म्हणणें अगदींच टाकाऊ होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या संगीतांत चीज दोन ओळींची व बाकी सारें गाणाऱ्याचें. विष्णु दिगंबरांनीं त्या दोन ओळी स्वरलिपींत बांधल्या, पण याच पंचवटींतल्या आपल्या आश्रमांत ते रामनाम गात, तें कोणत्या कागदावर मावलें असतें? प्रतींचा वाद शेवटीं असा मिटला, कीं खुणा कमी असलेली प्रत समोर ठेवावी, आणि दुसरींतल्या ज्या खुणांचें कारण तिला सांगतां येईल तेवढ्याच घ्याव्या. सात घेतल्या. दोन आमच्या मतें घ्यावयास नको होत्या.

परीक्षेसाठीं रचलेल्या वस्तूविषयींही आमचें मत या निमित्तानें बदललें. फ्रान्सच्या संगीत विद्यालयांत वार्षिक परीक्षेकरितां मुद्दाम अवघड चिजा रचवून घेत. देब्युसी याची क्लॅरिओनेटवरील प्रसिद्ध रचना अशीच १९१० च्या परीक्षेसाठीं झाली, आणि ती मोठें काव्य समजली जाते. आम्हींही जन्मभर प्रश्नपत्रिका काढल्या.

वेबरच्या चिजेंत खरी परीक्षा कोणती, हें आम्हांस बैठकीच्या आदल्या रात्रीं उमगलें. मास्तरांनीं त्या संध्याकाळीं शेवटच्या भागाला हातच लावूं दिला नाहीं. तो मधला संथ, खालच्या सुरांचा भाग तेवढा पुन्हां पुन्हां घेतला. तेथें बोटांना काम जवळजवळ नाहीं. लपावयास जागा नाहीं. सूर हळू सुरू व्हावा, मध्यें थरथरूं नये, संपतांना तुटूं नये. सारा भार फुंकरीवर. कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गांत हिमालय आपल्या गुहांतून निघणाऱ्या वाऱ्यानें वेळूंचीं छिद्रें भरतो, जणूं किन्नरांच्या गाण्याला सूर देतो, अशी कल्पना आहे. हा श्लोक आम्हीं निदान तीस वर्षें मुलांना शिकविला असेल. पण पर्वताचा तो वारा किती संयमानें सुटत असला पाहिजे, हा विचार माडीच्या जिन्यांत अंधारांत बसून तो भाग ऐकतांना प्रथमच मनांत आला.

बैठकीच्या दिवशीं नाशिकची थंडी आपल्या लौकिकाला जागली. वाद्य गारठलें कीं त्याचा सूर उतरतो, आणि साथीला होता नातीच्या मैत्रिणीचा विजेवर चालणारा पियानो. त्याचा सूर कशानेंही हलणारा नव्हे. शिवाय कोरड्या हवेनें वेताची पट्टी वांकडी होते, लांकूड तडकण्याचेंही भय. मास्तर वाद्य आपल्या उपरण्यांत गुंडाळूं लागले. वहिनी कोपऱ्यांत बसून पाहत होत्या. त्यांनीं विचारलें, "थंडी बाधते का त्याला?" आणि उत्तराची वाट न पाहतां त्याच दिवशीं अहेरांत आलेली पश्मिन्याची शाल अंगावरून काढून पुढें केली.

वादन कसें झालें, तें आम्ही आजोबा म्हणून सांगणार नाहीं. ऐकणारा म्हणून सांगतों. आरंभ भित्रा झाला, पहिले लांब सूर कांपले. चाल साधी व नेटकी आली. आवेशाच्या रूपांत एका उडीवर वाद्य चिरकलें, बाळगोपाळ फिदिफिदी हंसले. ती थांबली नाहीं, मागेंही वळली नाहीं. मधला भाग सुरू झाला तेव्हां मैत्रिणीनें पियानो फार हळू वाजविला, व्हियोलांचा मंदपणा त्या यंत्रांत नाहीं हें तिनें ओळखलें असावें. त्या दीडएक मिनिटांत वाड्यांत जी शांतता होती, तशी आम्हांस आमच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशींही आठवत नाहीं. शेवटचा भाग मास्तरांच्या वेगानें झाला. ती पायरी तिनें ओलांडली, बहुधा सर्व वेळां. एके ठिकाणीं आम्हांस शंका आहे. टाळ्या पुष्कळ पडल्या. मुंबईहून आलेले एक मेहुणे म्हणाले, "छान, पण शेवट जरा आणखी फास्ट हवा होता." आम्ही खिशांतलें घड्याळ चांचपीत गप्प बसलों.

पंगतींत मास्तरांचें पान आमच्या शेजारीं होतें. पोळी वाढतांना नातीनें हळूच विचारलें, "सर, कसं झालं?" ते म्हणाले, "संथ भागांत तिसरा श्वास उशिरां घेतलास." एवढेंच. ती हंसली; त्यांचें कौतुक कसें ओळखावयाचें तें तिला ठाऊक आहे.

विडे झाल्यावर वहिनींनीं निरोप पाठविला, कीं तो मधला हळू भाग पुन्हां एकदां ऐकवावा. नातीचे ओठ थकून गेले होते. मास्तरांनीं एकदां आमच्याकडे पाहिलें, मग सदऱ्याच्या खिशांतून रुमालांत गुंडाळलेला आपला स्वतःचा तोंडाकडील भाग काढला, नातीच्या वाद्याला बसविला, आणि ओटीवर खांबाला टेकून, साथीवांचून, तो भाग वाजविला. दिंडीदरवाजा उघडाच होता. वरात आली कीं काय, तें पाहावयास गल्लींतली मुलें जमलीं होतीं.